कसणाऱ्याच्या नावाचा रकाना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शेतीला मिळणाऱ्या सरकारी मदतीवर वृत्तपत्रांत जे लिहिले जाते, त्यात बहुधा एकच वाद असतो. कोणी म्हणते, शेतकऱ्यांवर पैसा उधळला जात आहे; कोणी म्हणते, जे मिळते ते तोंडाला पाने पुसण्यासारखे आहे. मदत किती, यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात. ती मदत शेवटी कोणाच्या खात्यात पडते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही, आणि मला त्याच प्रश्नाविषयी लिहायचे आहे. मी मराठवाड्यातील कोरडवाहू तालुक्यांत कृषी सहायक म्हणून नोकरी केली. आता या पदाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात. अर्ज भरून घेणे, मोका तपासणी म्हणजे जागेवर जाऊन पाहणी, पंचनामे, चावडीवर याद्या लावणे यांतच माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित चार एकर कसतो. निवृत्तिवेतन मिळत असल्यामुळे पीएम किसान योजनेत मी अपात्र ठरतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून या पत्रात माझे स्वतःचे गाऱ्हाणे काही नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यानंतरची एक गोष्ट सांगतो. माझ्या शेताला लागून पाच एकरांचा एक तुकडा आहे. त्याचे मालक पुण्यात स्थायिक झाले आहेत. सणावाराला गावी येतात. ते वावर गेली काही वर्षे गावातील एक विधवा बाई आपल्या मुलाच्या मदतीने बटईने करतात. बियाणे, खत, फवारणी, काढणी सगळे त्यांच्याकडे, आणि माल आला की निम्मा वाटा मालकाला. त्या वर्षी सोयाबीन कापणीला आले असताना चार-पाच दिवस पाणी साचून राहिले. पंचनाम्याचे पथक आले तेव्हा शेजारी म्हणून मीही बांधावर होतो. बाईंनी चिखलातून एक झाड उपटून वर धरले आणि शेंग फोडून दाखवली. आतल्या दाण्याला कोंब फुटला होता आणि शेंगेवर काळी बुरशी चढली होती. पथकाने पाहिले, फोटो काढले, गट क्रमांक लिहिला, क्षेत्र लिहिले, आणि बाधित शेतकरी या जागी सातबाऱ्यावरचे नाव लिहिले. पंच म्हणून सह्या हव्या होत्या. जवळ उभे असलेल्यांत त्या बाई होत्या, म्हणून त्यांची सही घेतली गेली. स्वतःच्या नुकसानीच्या पंचनाम्यावर त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली.

यात पथकातील कोणाचा दोष नव्हता. मी नोकरीत असतो तर मीही तेच केले असते, आणि अनेकदा केलेही आहे. कागदावर जे नाव आहे तेच लिहायचे, ही आम्हाला दिलेली शिस्त होती. मदतीची रक्कम यथावकाश पुण्याच्या खात्यात जमा झाली. त्यातले काही मिळाले का, असे मी बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मागू कसं भाऊ? पुढच्या साली वावर दुसऱ्याला देतील." या उत्तरानंतर मी पुढे काही विचारले नाही.

आपल्याकडील शेती अनुदानाची जवळजवळ प्रत्येक वाट सातबारा आणि आठ-अ या जमिनीच्या मालकीच्या उताऱ्यांच्या दारातून जाते. पीएम किसान योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. त्याच वर्षी ही मर्यादा काढून सर्व जमीनधारक कुटुंबांना ती लागू केली गेली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन कोणाच्या नावावर होती, हे पात्रतेचे मूळ. प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकर, महिना १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते यांना वगळले, ते ठीक झाले. पण बटईदार आणि ठोक्याने, म्हणजे ठरावीक रक्कम देऊन, दुसऱ्याची शेती करणारा यांना वगळण्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागला नाही. जमीन नावावर नाही, एवढ्यावर ते बाहेर राहिले. दुसरीकडे माहितीच्या अधिकारात केंद्र सरकारनेच दिलेली आणि २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेली माहिती सांगते की, सुमारे २०.४८ लाख अपात्र लाभार्थ्यांना १,३६४ कोटी रुपये दिले गेले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. म्हणजे ज्याच्याकडे कागद होता तो नियमाविरुद्धही आत आला, आणि ज्याच्या हातात केवळ औत होते त्याला नियमानेच बाहेर ठेवले.

पीएम किसान केंद्राची योजना आहे, तेथे राज्याचा इलाज चालत नाही, असे म्हणता येईल. परंतु २०२३ च्या अर्थसंकल्पात आपल्या राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर केला आणि आणखी ६,००० रुपयांची भर घातली, तेव्हा लाभार्थी ठरवण्यासाठी केंद्राचीच यादी उचलली. पैसा राज्याचा, योजना राज्याची, आणि तरीही कसणाऱ्याला त्यात जागा करून देण्याची संधी आपण सोडली. मला या गोष्टीचे सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण येथे दिल्लीची परवानगी लागणार नव्हती.

याहून बोलके उदाहरण २०२३ च्या खरिपाचे आहे. त्या हंगामात सोयाबीन आणि कापसाचे भाव पडले, म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे अर्थसाहाय्य दिले. उद्देश स्पष्ट होता: ज्याने पीक पिकवले आणि पडत्या भावात विकले, त्याचा तोटा थोडा भरून निघावा. जमीन असणे आणि भाव पडल्याचा तोटा सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोक्याने जमीन देणाऱ्या मालकाने ठोक्याची रक्कम पेरणीपूर्वीच घेतलेली असते. भाव पडला काय, चढला काय, त्याच्या हिशेबात एक रुपयाचा फरक पडत नाही. तरीही साहाय्य गेले ते त्याच्याच खात्यात. त्यातही सामाईक खात्यांचा घोळ वेगळा होता. चार भावांच्या नावांचा एक सातबारा, त्यातला एक भाऊ मुंबईला, एक सुरतेला, एकाशी बोलणे बंद, आणि प्रत्यक्ष शेत करणारा चौथा इतरांची संमतिपत्रे गोळा करत फिरतो आहे, हे दृश्य त्या काळात गावोगाव होते. जमीन नावावर असूनही कसणारा अडतो, ते असे.

हमीभावाच्या खरेदीतही हाच दरवाजा आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. खरेदी केंद्रावर नोंदणी करायची तर सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद लागते. बटईदाराने मालकाकडून कागद मागायचे, मालकाने ते द्यायचे, पैसे मालकाच्या खात्यात येणार, मग त्याने ते उतरवून द्यायचे. इतका विश्वास दोघांत असेल तर काम होते. नसेल तर बटईदार आपले पोते गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर टाकतो आणि जो भाव मिळेल तो घेतो. सरकारी आकड्यांत तो व्यवहार कोठेच दिसत नाही.

पीक विम्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तेथे कायद्याने दार उघडे आहे आणि व्यवहारात ते बंद आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुळाला आणि भाड्याने शेती करणाऱ्याला भाग घेता येतो. आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. एका हंगामाच्या, तोंडी ठरलेल्या बटईसाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन करार नोंदवणारा मालक मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. मग २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा आला. हेतू चांगला होता. शेतकऱ्याचा हिस्सा सरकारने भरला. अर्ज भरणाऱ्या सामूहिक सेवा केंद्राला अर्जामागे ४० रुपये मिळत. पुढे दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे बाहेर आली आणि २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आणि शेतकऱ्यांना नावेही ठेवली गेली. त्यात एक गोष्ट राहून गेली. त्या बोगस म्हटल्या गेलेल्या अर्जांत काही असेही असतील की, ज्यांत कसणाऱ्यानेच स्वतःच्या पिकाचा विमा उतरवला होता, फक्त जमीन दुसऱ्याच्या नावावर होती. ज्याचे पीक खरे आहे आणि ज्याचा कागद खरा आहे ही दोन माणसे वेगळी असली, की पहिल्याला ठक ठरवणे फार सोपे जाते. सरकारी जमिनीवर विमा काढणाऱ्यांना मी पाठीशी घालत नाही. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण चोर पकडताना खरा पेरणारा वेगळा काढता येईल अशी काही नोंदच आपल्याकडे नाही, हे दुखणे त्याहून जुने आहे.

कर्जाचेही तसेच. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्याने पडते. ही मोठी सवलत आहे. ती गावच्या सहकारी सोसायटीच्या सभासदाला, म्हणजे जमीनधारकाला. बटईदार त्याच हंगामात खत-बियाणे कृषी सेवा केंद्रातून उधार घेतो, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो. जो अधिक जोखीम घेतो त्याला महाग पैसा, जो कमी घेतो त्याला बिनव्याजी. मग जेव्हा कर्जमाफी येते, २००८ ची केंद्राची असो, २०१७ ची राज्याची दीड लाखांपर्यंतची असो किंवा २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, तेव्हा माफ होते ते बँकेचे आणि सोसायटीचे. दुकानदाराच्या वहीतले आणि सावकाराचे तसेच राहते. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची अट होती, आणि विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची तीन हेक्टर मुरमाड जमीन बागायती पट्ट्यातल्या एका एकराइतकेही देत नाही, हे त्या अटीने पाहिले नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये त्या योजनेवर जो अहवाल दिला, त्यात तपासलेल्या प्रकरणांपैकी २२ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत त्रुटी निघाल्या. अपात्रांना लाभ आणि पात्र बाहेर, दोन्ही प्रकार त्यात होते.

शेतकऱ्याने जीव दिला तरी कागद त्याचा पाठलाग सोडत नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी कुटुंबात कोणाच्या तरी नावावर शेतजमीन हवी, मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे आणि ते थकलेले हवे. दुसऱ्याचे वावर करणारा, हातउसने आणि दुकानाची उधारी डोक्यावर असलेला माणूस मेला, तर तो सरकारच्या दृष्टीने शेतकरी म्हणून मेलेलाच नसतो. असे प्रकरण अपात्र ठरले, हे त्या घराच्या ओट्यावर बसून सांगण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे. त्या घरातील म्हातारीने मला चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही. ती सकाळ मी विसरू शकत नाही.

आता भांडवली अनुदानांकडे वळतो. ठिबक संचासाठी केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेते. कागदावर अल्पभूधारकाला झुकते माप आहे. पण पद्धत अशी की, पूर्वसंमती मिळाली की संच स्वतःच्या पैशाने बसवायचा, देयक अपलोड करायचे, मोका तपासणी व्हायची आणि मग अनुदान खात्यात यायचे. मधले महिने ज्याला पेलतात तोच अर्ज करतो. शिवाय ठिबक बसवायला आधी विहीर किंवा बोअर लागते. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला ठिबक, ठिबक आहे त्याला फळबाग, फळबाग आहे त्याला शेततळे आणि पॅक हाऊस, अशी ही साखळी पुढे जाते. २०२५ पासून महाडीबीटीवर, म्हणजे या अनुदानांचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळावर, सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य असा नियम झाला. सोडतीत निदान नशिबाला सगळे सारखे होते. आता ज्याच्या घरात इंटरनेट आणि शिकलेले पोर आहे तो पुढे राहील, अशी मला भीती वाटते. ट्रॅक्टरला महिलांसाठी अनुदान अधिक आहे, म्हणून गावात कित्येक ट्रॅक्टर आईच्या किंवा पत्नीच्या नावाने आहेत. त्या माउलीने ट्रॅक्टरची चावी कधी हातात घेतलेली नसते. बाईच्या नावाने अनुदान निघते, आणि जी खरोखर शेत करते तिच्या नावावर गुंठाभर रान नसते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनाने शेकडो गावांत बायकांची नावे सातबाऱ्यावर चढवून दाखवली होती, आणि ती स्वेच्छेने चढली होती. ते काम पुढे त्याच जोमाने चालले असते तर आज चित्र वेगळे दिसले असते.

वीज माफीबद्दल एवढेच. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना मोफत वीज आहे. पंप आहे त्याला लाभ आहे. आभाळाकडे बघून पेरणाऱ्याला नाही.

मग कसणाऱ्याची नोंद का होत नाही? कारण दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला तिच्यावर हक्क देणाऱ्या कूळकायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कायदा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कायदा, विदर्भात १९५८ चा, असे तीन कायदे आहेत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि पश्चिम महाराष्ट्रातील कुळे मालक मानली गेली. या कायद्यांनी लाखो कसणाऱ्यांना जमीन दिली, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यानंतर मालकाच्या मनात एक गाठ पक्की बसली: दुसऱ्याचे नाव कागदावर आले की जमीन गेली. म्हणून व्यवहार तोंडी राहिला. जुन्या सातबाऱ्यावर, गाव नमुना बारामध्ये, "जमीन करणाराचे नाव" असा रकाना असे, आणि त्याआधी "रीत" म्हणून एक रकाना असे. नोकरीला नवा असताना मी ते उतारे पाहत असे. मालक स्वतः गावात नसला तरी त्या रकान्यात "खुद्द", म्हणजे मालक स्वतःच कसतो, असे लिहिलेले असे, किंवा तो कोरा असे. म्हणजे ज्या एका ठिकाणी कसणाऱ्याचे नाव यावे अशी जुन्या महसूल व्यवस्थेने जागा करून ठेवली होती, तेथे भीतीपोटी ते कधी आलेच नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. ही चांगली सुधारणा आहे, कारण घरी बसून भरलेल्या पिकांची नोंद आता अवघड झाली. बहुतेक वेळा तो फोटो काढायला बटईदाराचाच मुलगा शेतात उभा असतो, आणि ओटीपी मालकाला फोन करून विचारतो. नोंद होते मालकाच्या नावाने. २०२४ च्या डिसेंबरात ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदवहीची नोंदणी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक आधार आणि जमिनीची नोंद जोडून तयार होतो. जमीन नाही, तर क्रमांक नाही. पूर्वी कागदांची सरमिसळ असल्याने एखादा ग्रामसेवक किंवा तलाठी माणुसकीने काही मार्ग काढत असे. आता ती फटही बुजली. सोय व्हावी म्हणून उभारलेली ही यंत्रणा कसणाऱ्याला कायमचे बाहेर ठेवणारी भिंत होईल, असे मला मनापासून वाटते, आणि ती पक्की होण्यापूर्वीच बोलले पाहिजे.

इतर राज्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू सुरू केली, एकरी हंगामाला ४,००० रुपये, क्षेत्राला मर्यादा नाही आणि कुळाला काही नाही. म्हणजे ज्याचे शेत मोठे त्याला रक्कम मोठी. ओडिशाने त्याच सुमारास जाहीर केलेल्या कालिया योजनेत वाटेकऱ्याला आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबालाही आत घेतले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला आणि अकरा महिन्यांचे ओळखपत्र दिले. त्यावर मालकाची सही लागत असल्याने पुष्कळ कसणारे बाहेर राहिले, ही त्यातली उणीव. निती आयोगाने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला होता, ज्यात मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई मिळावी, अशी मांडणी होती.

माझी मागणी मोठी नाही. ई-पीक पाहणीत "प्रत्यक्ष कसणारा" असा रकाना करावा, त्यात नाव आणि आधार क्रमांक नोंदवता यावा, आणि विधिमंडळाने एका छोट्या दुरुस्तीने तिन्ही कूळ कायद्यांत स्पष्ट लिहावे की, या नोंदीमुळे कूळहक्क किंवा मालकीचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही, ती केवळ त्या हंगामापुरती असेल. ही हमी कायद्यात असल्याशिवाय एकही मालक नाव लागू देणार नाही. शासन निर्णयावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मालकाची सही सक्तीची करू नये, नाहीतर आंध्रची चूक येथेही होईल. नाव ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि हरकत असल्यास तेथेच नोंदवावी. शेत कोण करते हे गावात सर्वांना माहीत असते; ते शोधायला उपग्रह लागत नाही. त्यानंतर नुकसानभरपाई, पीक विमा आणि भावातील फरकाचे साहाय्य कसणाऱ्याच्या खात्यात जावे. मालकाने वाट्याने बियाणे-खत दिले असेल तर त्याचा हिस्सा त्याला मिळावा, हेही न्यायाचेच आहे.

मालकांविरुद्ध मी हे लिहीत नाही, हे मुद्दाम सांगतो. आज जमीन बटईने देणारा पूर्वीचा जमीनदार राहिलेला नाही. आपल्या राज्यात १९७०-७१ मध्ये सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे होते, ते २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर पोट भरत नाही म्हणून माणूस शहरात जातो, कोठे पहारेकऱ्याची नोकरी धरतो आणि गावचे दोन एकर शेजाऱ्याला देतो. कोणी वृद्ध आहे, कोणाला मुले नाहीत. उलट काही ठिकाणी ठोक्याने घेणारा ट्रॅक्टरवालाच देणाऱ्यापेक्षा सधन असतो. म्हणूनच केवळ नावाची नोंद पुरेशी नाही. कसणाऱ्याच्या एकूण क्षेत्राला आणि उत्पन्नाला मर्यादा लावून, आपत्तीच्या मदतीच्या केंद्रीय निकषांत असते तशी दोन हेक्टरची सीमा येथेही ठेवावी. शेजारच्या त्या पाच एकरांचे मालक दिवाळीत भेटले तेव्हा मी त्यांच्याशी हे बोललो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "जमीन माझीच राहील असं कायद्यात असेल, तर त्या बाईचं नाव लावायला माझी ना नाही." अशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या प्रतिनिधींनी प्रत्येक तालुक्यातले एक गाव निवडून पीएम किसानची गावनिहाय यादी, जी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, हातात घेऊन गावातून एकदा फिरावे, अशी विनंती आहे. यादीतील कोण स्वतः शेत करतो, कोण बाहेर राहतो आणि यादीत नसलेला कोण रोज शेतात असतो, हे संध्याकाळपर्यंत समजेल. आमदारांपुढे ती माहिती ठेवली तर त्यांना नाही म्हणणे कठीण जाईल.

खरिपाची ई-पीक पाहणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते. त्याआधी हा निर्णय व्हावा. त्या बाईंनी यंदाही तेच पाच एकर बटईने घेतले आहेत. बियाण्याच्या चार पिशव्या आणि डीएपी खताची उधारी कृषी सेवा केंद्राच्या वहीत लिहिलेली आहे, आणि ती त्यांच्याच नावावर आहे. त्या शेताशी त्यांचे नाव जोडणारा दुसरा कोणताही कागद आज कोणत्याही कार्यालयात नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषी सहायक, मराठवाडा